पडद्याकडे पाठ, वर्गाकडे नजर

पाठ निरीक्षणासाठी मी वर्गात शेवटच्या बाकावर बसले होते. अपूर्णांकांचा पाठ होता. छात्राध्यापिकेने, म्हणजे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीने, त्यासाठी ३२ स्लाइड केल्या होत्या. रंगीत वर्तुळं, गिरक्या घेत येणारी अक्षरं, उत्तर बरोबर आलं की टाळ्यांचा आवाज. दोन रात्री जागून केलेलं काम होतं ते, आणि मेहनत दिसत होती.

पडद्यावर प्रश्न आला: १/३ मोठा की १/४? माझ्या पुढे बसलेल्या मुलीने वहीत लिहिलं, "१/४. कारण ४ मोठे." खाली पट्टीने रेघही ओढली. तेवढ्यात पहिल्या बाकांवरची तीन-चार मुलं एका सुरात ओरडली, "एक छेद तीन!" टाळ्या वाजल्या, पुढची स्लाइड आली. मुलीने शेजारणीच्या वहीत डोकावून पाहिलं, १/४ खोडलं आणि १/३ लिहिलं. पुढचं कारण मात्र तसंच राहिलं: "कारण ४ मोठे."

पाठ संपल्यावर छात्राध्यापिका माझ्याकडे आली. "मॅडम, स्लाइड कशा वाटल्या?" मी विचारलं, "माझ्या पुढे बसलेल्या मुलीने काय लिहिलं होतं?" तिला माहीत नव्हतं. माहीत असणं शक्यच नव्हतं, कारण पस्तीस मिनिटं ती लॅपटॉपपाशी उभी होती. कधी पडद्याकडे बघत होती, कधी कीबोर्डकडे. मुलांकडे बघायला सवडच उरली नव्हती.

शिक्षक होण्याचं प्रशिक्षण आणि वर्गातलं तंत्रज्ञान याबद्दल मला जे सांगायचं आहे, ते सगळं त्या वहीतल्या एका ओळीत आहे. कुठलं बटण कधी दाबायचं हे कुणीही आठवडाभरात शिकतं. यंत्र समोर असताना मुलांवरची नजर ढळू न देणं शिकायला मात्र पुष्कळ सराव लागतो, आणि प्रशिक्षणात नेमका त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळतो.

बाकावरून पाहिलेलं शिकवणं

शिक्षकी पेशाची एक अडचण इतर पेशांना सहसा नसते. शस्त्रक्रिया शिकायला येणाऱ्याने शस्त्रक्रियागृह आतून क्वचितच पाहिलेलं असतं. शिक्षक व्हायला येणाऱ्याने मात्र अख्खं बालपण वर्गात काढलेलं असतं. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये हिशेब मांडला होता की शालेय शिक्षण पूर्ण होईपर्यंत विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांसमोर घालवतो. या काळाला त्यांनी 'निरीक्षणातून होणारी उमेदवारी' म्हटलं.

ही उमेदवारी फसवी असते. बाकावरून शिक्षक काय करतात ते दिसतं, का करतात ते दिसत नाही. बाईंनी ठरवलेलं उदाहरण ऐन वेळी का बदललं, अमक्याच मुलाला का उठवलं, उत्तर बरोबर असूनही "कसं काय?" असं का विचारलं, यामागचा विचार विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून नवा शिक्षक पहिल्या दिवशी गोंधळला की आपोआप आपल्या जुन्या शिक्षकांसारखं शिकवू लागतो. प्रशिक्षणाचं पहिलं काम म्हणजे हे 'आपोआप' थांबवून त्याच्या जागी विचार आणणं. पाठ टाचण (म्हणजे पाठाचा आधी लिहिलेला आराखडा), सराव पाठ, निरीक्षण, चर्चा हा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत तर ही उमेदवारीही अपुरी असते. आज प्रशिक्षणाला येणाऱ्या बहुतेकांनी विद्यार्थी असताना वर्गात यंत्र पाहिलं ते एकाच रूपात: कुणीतरी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवत आहे. तेवढंच पाहिलं असेल तर तेवढंच हातून घडणार. शिवाय तरुणांबद्दल एक गैरसमज असतो. "यांना काय शिकवायचं, यांचा जन्मच मोबाइलवर झालाय." स्वतःसाठी फोन सराईतपणे वापरणं ही एक गोष्ट झाली. समोरचं मूल कुठे अडलंय हे त्याच फोनच्या मदतीने ओळखणं ही पूर्ण वेगळी गोष्ट. पहिली येते म्हणून दुसरी येईलच असं नाही.

तिपेडी वेणी

ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये एक साधी पण फार मोलाची गोष्ट मांडली. तोपर्यंत शिक्षकाच्या ज्ञानाचे दोन गठ्ठे मानले जात: एकीकडे विषयाचा आशय, दुसरीकडे शिकवण्याच्या पद्धती. शुलमन म्हणाले, चांगल्या शिक्षकाकडे या दोन्हींच्या मिलाफातून तयार झालेलं एक तिसरं ज्ञान असतं. नेमका हाच विषय शिकवताना कोणतं उदाहरण चालतं, मुलं कुठे अडखळतात, कोणती चूक पुन्हा पुन्हा होते, याचं ज्ञान.

आपल्या अपूर्णांकांवरच बघा. १/३ हा १/४ पेक्षा मोठा हे गणिताच्या पदवीधराला माहीत असतं. गणिताच्या शिक्षकाला आणखी एक गोष्ट माहीत हवी. मुलं पूर्णांकांचा नियम उचलून अपूर्णांकांना लावतात. कालपर्यंत ४ हा ३ पेक्षा मोठा होता आणि प्रत्येक वेळी तो नियम खरा ठरला होता. आज तोच नियम वापरला तर बाई चूक म्हणतात. त्या मुलीच्या चुकीमागे आळस नव्हता, तर्क होता. हे ज्याला कळतं तो शिक्षक उत्तर खोडायला लावत नाही, कारण विचारतो.

पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी २००६ मध्ये शुलमन यांच्या मांडणीत तिसरा धागा गुंफला: तंत्रज्ञान. ही चौकट 'टीपॅक' नावाने ओळखली जाते. आकृतीत ती एकमेकांवर आलेल्या तीन वर्तुळांनी दाखवतात. मला मात्र ती समजावताना तिपेडी वेणी आठवते. आशय, अध्यापन आणि तंत्रज्ञान हे तीन पेड एकमेकांवरून गेले तरच वेणी होते. एक पेड मोकळा राहिला की ती सुटते.

त्या पाठात नेमकं काय सुटलं होतं? आशय बरोबर होता, तंत्रज्ञान भरपूर होतं, पण अध्यापनाचा पेड हातातून निसटला होता. मुलांनी आधी अंदाज करावा, मग पडताळा घ्यावा, मग आपलं कारण बदलावं, अशी जागाच पाठात नव्हती. स्लाइडवरचं वर्तुळ कितीही सुंदर असो, मुलांना त्यातलं काही हलवता येत नव्हतं. त्याऐवजी पडद्यावर एक लांब पट्टी असती आणि तिचे भाग कमी-जास्त करणारी एक सरकपट्टी असती, तर भागांची संख्या वाढवताना प्रत्येक भाग बारीक होत जाताना दिसला असता. जिओजेब्रासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे थोड्या सरावाने करता येतं. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठातल्या आपल्या अभ्यासाचा भाग म्हणून ते सुरू केलं आणि आज जगभरचे गणित शिक्षक ते वापरतात.

पण हीच सरकपट्टी कवितेच्या तासाला निरुपयोगी आहे. तिथे मुलाने स्वतः वाचलेल्या कडव्याचं ध्वनिमुद्रण त्यालाच ऐकवलं तर तो थांबे, सूर, चढउतार स्वतःहून दुरुस्त करतो. भूगोलात एकाच नदीची वीस वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन उपग्रहचित्रं शेजारी ठेवली की पात्र कसं सरकलं ते मुलं बोटाने दाखवतात. म्हणजे साधन विषयाप्रमाणे बदलतं, इतकंच काय, पाठाप्रमाणेही बदलतं. म्हणूनच सगळ्या विषयांच्या शिक्षकांना एका सभागृहात बसवून दोन दिवसांत डझनभर अॅप दाखवणाऱ्या कार्यशाळा मला वाया गेल्यासारख्या वाटतात. मी अशा अनेक कार्यशाळांना बसले आहे. तिसऱ्या दिवशी माणूस वर्गात परततो तेव्हा हातात पासवर्डांची यादी असते. उद्याचा पाठ कसा घ्यायचा, हा प्रश्न होता तिथेच असतो.

युनेस्कोने शिक्षकांसाठी तंत्रज्ञान-क्षमतांची एक चौकट तयार केली आहे. तिची तिसरी आवृत्ती २०१८ ची. तीत शिक्षकाच्या कामाचे सहा पैलू आहेत: धोरणाची समज, अभ्यासक्रम व मूल्यमापन, अध्यापन, डिजिटल कौशल्यांचा वापर, वर्गाचं व शाळेचं व्यवस्थापन आणि शिक्षकाचं स्वतःचं शिकणं. सहांपैकी यंत्र चालवण्याचा पैलू एकच आहे. प्रशिक्षणाचं वेळापत्रक बघताना हे प्रमाण मनात ठेवावं.

स्वतःला पाहणं

शिक्षक प्रशिक्षणात तंत्रज्ञानाचा मला सर्वांत जास्त पटलेला उपयोग मुलांना काही दाखवण्यासाठी नाही, शिक्षकाला स्वतःचं शिकवणं दाखवण्यासाठी आहे. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापनाची पद्धत विकसित केली. कल्पना सोपी होती. पूर्ण पाठ घ्यायचा नाही. पाच-दहा मिनिटांचाच, मोजक्या विद्यार्थ्यांसमोर आणि एकाच कौशल्यावर लक्ष ठेवून घ्यायचा. आज फक्त प्रश्न विचारणं, उद्या फक्त उदाहरण देणं, परवा फक्त फलक लेखन. पाठाचं चित्रीकरण करायचं, ते पाहून चर्चा करायची आणि तोच पाठ सुधारून पुन्हा घ्यायचा. तेव्हा चित्रफितीची यंत्रं नवी आणि महाग होती. आज त्या कामाला एक फोन आणि त्याला टेकवायला पुस्तकांची चळत पुरते.

चित्रीकरण पाहायचं कसं, हे मात्र शिकावं लागतं. मी छात्राध्यापकांना तीनदा पाहायला सांगते. पहिल्यांदा आवाज बंद करून. दर दहा सेकंदांनी थांबायचं आणि त्या क्षणी आपलं तोंड कुठे आहे ते लिहायचं: मुलांकडे, फळ्याकडे, पडद्याकडे की हातातल्या यंत्राकडे. दहा मिनिटांच्या साठ नोंदी होतात आणि त्या कुणाशीही वाद घालत नाहीत. दुसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त आवाज ऐकायचा. मी किती बोलले, मुलं किती बोलली, प्रश्न विचारून किती थांबले. तिसऱ्यांदा स्वतःकडे बघायचंच नाही. कॅमेऱ्यात आलेलं एक मूल निवडायचं आणि संपूर्ण पाठभर फक्त त्यालाच पाहायचं. बहुतेकांना खरा धक्का या तिसऱ्या फेरीत बसतो. आपल्याला रंगलेला वाटलेला पाठ त्या मुलाच्या वाट्याला कसा आला, ते समोर दिसतं.

पहिल्यांदा त्रास होतो. स्वतःचा आवाज परका वाटतो, हातांचे चाळे दिसतात. म्हणून चित्रीकरण एखाद्या विश्वासाच्या सहकाऱ्याबरोबर पाहावं आणि एका वेळी एकच गोष्ट सुधारायला घ्यावी. आणि एक बजावून सांगते. वर्गाच्या चित्रीकरणात मुलांचे चेहरे असतात. शाळेची आणि पालकांची परवानगी आधी हवी, काम झालं की फाइल काढून टाकायला हवी, आणि ती कुठल्याही ग्रुपवर जाता कामा नये, कौतुकासाठीसुद्धा नाही.

आता नजरेकडे येते. "बाईंना पाठीलाही डोळे आहेत" असं मुलं ज्यांच्याबद्दल म्हणतात, त्या शिक्षिका काय वेगळं करतात? मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी वर्गांच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या आणि १९७० मध्ये निष्कर्ष मांडले. गडबड झाल्यावर शिक्षक कसे रागावतात, याने वर्गांत फारसा फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो मुलांना हे जाणवण्याने की शिक्षकांना सगळीकडे काय चाललंय ते ठाऊक आहे. हे जाणवणं नजरेतून येतं, आणि पडदा सर्वांत आधी ती नजरच ओढून घेतो.

त्यासाठी काही साध्या सवयी लावून घ्याव्या लागतात. लॅपटॉप भिंतीकडे तोंड करून ठेवू नये. शक्य असेल तर बिनतारी रिमोट घेऊन मुलांमधून फिरावं, नाहीतर स्लाइड बदलायचं काम एखाद्या मुलाकडे द्यावं. बोलायचं असेल तेव्हा पडदा काळा करावा. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना 'बी' ही कळ दाबली की पडदा काळा होतो, पुन्हा दाबली की परत येतो. ही एक कळ मी पहिल्याच दिवशी शिकवते. पडदा काळा झाला की वर्गातले सगळे चेहरे आपोआप शिक्षकाकडे वळतात, आणि शिक्षकाचा त्यांच्याकडे.

प्रश्न विचारा, मग थांबा

मेरी बड रो या विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक. त्यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकली तेव्हा आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर प्रश्न दुसऱ्याकडे जातो किंवा शिक्षकच उत्तर देऊन टाकतात. हा वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब झाली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली आणि "माहीत नाही" कमी झालं. तीन सेकंद वाचायला किरकोळ वाटतात. वर्गासमोर उभं राहून गप्प बसून बघा, फार मोठे वाटतात.

इथे तंत्रज्ञान खरोखर हात देतं. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून वर्गात एक पद्धत वापरायला सुरुवात केली. संकल्पनेवरचा एक बहुपर्यायी प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं आणि पुन्हा नोंदवायचं. शिक्षकाला सगळ्या वर्गाची उत्तरं एका दृष्टिक्षेपात दिसतात. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर शेजाऱ्याशी चर्चा सर्वांत फळते. त्याहून कमी असतील तर कल्पना पुन्हा समजावायची, जास्त असतील तर थोडक्यात सांगून पुढे जायचं. त्या दिवशीच्या अपूर्णांकांच्या वर्गात अशी नोंद घेतली असती, तर तीन-चार आवाजांच्या गजराआड माझ्या पुढची मुलगी लपली नसती.

उत्तरं नोंदवायला बटण दाबून पर्याय निवडायची छोटी क्लिकर यंत्रं असतात, फोनवरची अॅप असतात. पण कॅनडातले भौतिकशास्त्राचे अध्यापक नॅथॅनिएल लॅस्री यांनी २००८ मध्ये तुलना प्रसिद्ध केली: हीच पद्धत एका गटाला क्लिकर देऊन वापरली, दुसऱ्या गटाला पर्यायांची कार्डं देऊन. शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे काम करत होती ती पद्धत. यंत्राने मोजणी सोपी केली, नोंद जपून ठेवली, लाजऱ्या मुलांचं उत्तर इतरांपासून झाकलं. हेही फायदेच आहेत, पण यंत्र नाही म्हणून पद्धत सोडून देण्याचं कारण नाही. अ, ब, क, ड लिहिलेले चार रंगांचे कागद प्रत्येकाच्या हाती द्या, काम होतं.

याच मुद्द्यावर शिक्षणशास्त्रात एक जुना वाद आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये म्हटलं की माध्यम हे किराणा पोहोचवणाऱ्या गाडीसारखं असतं. गाडी बदलली म्हणून जेवणाचा कस बदलत नाही. दुसरे अभ्यासक रॉबर्ट कोझ्मा यांना हे मान्य नव्हतं. काही माध्यमं विचार करण्याच्या अशा वाटा उघडतात ज्या दुसऱ्या कशाने उघडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. माझा अनुभव क्लार्क यांच्या बाजूने जास्त झुकतो, पण पूर्ण नाही. विद्युत मंडलात इलेक्ट्रॉन कसे सरकतात ते डोळ्यांना दिसत नाही. भौतिकशास्त्रातले नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाच्या संगणकावरच्या मोफत प्रतिकृतींमध्ये तारा जोडून, तोडून ते सरकणं पाहता येतं. फळ्यावरच्या बाणांना ते जमत नाही. म्हणून पाठ टाचण लिहिताना मी एकच प्रश्न विचारायला लावते: हे फळ्यावर करता आलं असतं का? उत्तर 'हो' आलं तर फळाच बरा.

स्लाइड कमी का असाव्यात

यामागे माणसाच्या मेंदूची मर्यादा आहे. एका वेळी मनात धरून काम करता येईल अशा नव्या गोष्टी फार थोड्या असतात. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेला बोधात्मक भाराचा सिद्धांत हेच सांगतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी त्या सिद्धांताच्या जोडीने चित्र, शब्द आणि आवाज यांवर पुष्कळ प्रयोग केले. त्यातल्या तीन गोष्टी शिक्षकाने लक्षात ठेवाव्यात. पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा मोठ्याने वाचू नये, कारण डोळे आणि कान यांची एकाच शब्दांसाठी ओढाताण होते. आकृतीतली नावं आकृतीलाच चिकटून असावीत, बाजूच्या यादीत नकोत. आणि सजावटीची चित्रं, आवाज, गिरक्या काढून टाकाव्यात. त्यांनी लक्ष वेधलं जातं, पण विषयापासून दूर. त्या टाळ्यांच्या आवाजाने त्या दिवशी नेमकं हेच केलं. प्रश्न संपला, असं तो आवाज सांगत होता. त्या मुलीसाठी प्रश्न सुरूही झाला नव्हता.

यंत्राकडून भलत्या अपेक्षा ठेवण्याची सवय जुनीच आहे. १९१३ मध्ये थॉमस एडिसन यांनी सांगितलं होतं की शाळांतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील आणि शिकवण्याचं काम चलच्चित्रं करतील. जवळजवळ शंभर वर्षांनी पेरूमध्ये सरकारने शाळकरी मुलांना लाखो लॅपटॉप दिले. ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये अहवाल आला. संगणकांची संख्या आणि वापर दोन्ही खूप वाढले होते, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक पडलेला आढळला नाही. यावरून लॅपटॉप वाईट असतात असं मी म्हणणार नाही. यंत्र मुलांच्या हाती पोहोचलं, त्याभोवतीचा पाठ पोहोचला नाही, असं मला वाटतं.

पाठ टाचण लिहून देणारं यंत्र

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून माझ्याकडे येणारी टाचणं अचानक गुळगुळीत झाली. उद्दिष्टं नेटकी, कृती नेटक्या, आणि कुठल्याही वर्गाला लागू पडतील अशा. म्हणजे कुठल्याच वर्गाच्या नाहीत. मी छात्राध्यापकांना रागावत नाही. त्यांच्यावर कामाचा बोजा खरंच मोठा असतो. पण टाचण लिहिणं हे कागद भरणं नसतं. 'इथे मुलं काय म्हणतील?' याचा विचार बसून करण्याची तीच एक जागा असते. उमेदवारीच्या काळात तो विचार दुसऱ्याकडे सोपवला, तर जे ज्ञान घडायचं तेच घडत नाही. पोहणं शिकताना दुसऱ्याला पाण्यात उतरवण्यासारखं आहे ते.

मग वापरायचंच नाही का? वापरावं, पण टाचण स्वतः लिहून झाल्यावर. त्याला विचारावं, या प्रश्नाला मुलं कोणकोणती चुकीची उत्तरं देतील आणि का? त्याच्या यादीत एखादं आपल्याला न सुचलेलं उत्तर निघतं. पण ती यादी तपासून घ्यावी, कारण हे यंत्र चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणे सांगतं. मुलांची नावं, गुण, घरची परिस्थिती त्यात कधीही लिहू नये. युनेस्कोने २०२३ मध्ये या साधनांबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केलं, त्यातही खासगी माहितीच्या संरक्षणावर भर आहे आणि वर्गात मुलांनी अशी साधनं स्वतः वापरण्यासाठी किमान वय १३ असावं असं सुचवलं आहे.

पाठ फसतो तेव्हा

माझा स्वतःचा प्रोजेक्टर लावून घेतलेला पहिला पाठ आवाजाअभावी बुडाला. चित्रफीत चालू होती, आवाज येत नव्हता, आणि मी बारा मिनिटं तारा काढत-घालत राहिले. त्या बारा मिनिटांत वर्ग हातातून गेला तो तासभर परत आला नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: दोन मिनिटांत सुरू झालं नाही तर यंत्र बंद करायचं आणि पाठ पुढे न्यायचा. त्यासाठी टाचणात एक ओळ आधीच लिहिलेली असावी, 'यंत्र चाललं नाही तर'. आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच तारेवर आवाज तपासावा. शेवटच्या बाकावर जाऊन बसावं आणि अक्षरं वाचता येतात का पाहावं. लाल-हिरव्यातला फरक न कळणारं मूल वर्गात असू शकतं, म्हणून उत्तर फक्त रंगाने दाखवू नये.

आणि धीर धरावा. अॅपलने १९८५ पासून काही शाळांत मुलं आणि शिक्षक यांना भरपूर संगणक देऊन दीर्घ काळ निरीक्षण केलं होतं. शिक्षक ज्या पायऱ्यांनी गेले त्यातली पहिली पायरी गोंधळाचीच होती: बिघाड, बेशिस्त, वाया गेलेले तास. नंतर त्यांनी जुनेच पाठ नव्या यंत्रावर घेतले. शिकवण्याची पद्धत बदलायला बराच काळ गेला, आणि ज्यांना सहकाऱ्यांची साथ, एकमेकांचे पाठ पाहायला वेळ मिळाला त्यांची वाट सोपी झाली. पहिल्या वर्षात प्रत्येक सत्राला एकच साधन निवडा. ते इतकं हातात बसू द्या की त्याकडे बघावं लागणार नाही. टंकलेखन येणाऱ्याला कळा बघाव्या लागत नाहीत, तसं.

दुसरा पाठ

त्या छात्राध्यापिकेने दहा दिवसांनी तोच घटक पुन्हा घेतला. स्लाइड चार होत्या. सुरुवातीला तिने प्रत्येकाला कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या दिल्या. एकीचे तीन सारखे भाग, दुसरीचे चार. मग प्रश्न, मग रंगीत कार्डं वर. वर्गाचा जवळजवळ निम्मा भाग चुकला होता. तिने बरोबर उत्तर सांगितलं नाही. वर्गातून फिरत दोन वह्यांचे फोटो काढले, नावं झाकून, आणि शेजारी शेजारी पडद्यावर लावले. एकीत "१/४, कारण ४ मोठे", दुसरीत "१/३, कारण तुकडे कमी". "कुणाचं कारण पटतं?" एवढं विचारून ती खिडकीजवळ जाऊन उभी राहिली आणि गप्प झाली. मी घड्याळात पाहिलं. अकरा सेकंद.

माझ्या पुढची ती मुलगी दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून बघत होती. मग उठली. "जास्त तुकडे केले की तुकडा लहान होतो."

"शंभर केले तर?" छात्राध्यापिकेने विचारलं आणि सरकपट्टी हलवायला तिलाच पुढे बोलावलं. भाग वाढत गेले, रेघा दाटत गेल्या, शेवटी पट्टी जवळजवळ काळी दिसू लागली. मुलं पुढे सरकून बघत होती. मुलीने सरकपट्टी परत मागे आणली. दहा, पाच, दोन, एक. एकाशी ती अडली. तिने आणखी मागे ओढून पाहिलं.

"बाई, शून्य तुकडे केले तर?"

हे टाचणात नव्हतं. छात्राध्यापिका क्षणभर थांबली, पडदा काळा केला, आणि तो प्रश्न खडूने फळ्याच्या कोपऱ्यात लिहून भोवती चौकट काढली. खाली लिहिलं: "पुसू नये."